अण्णा आणि बिननावाचं सदर

या ग्रुपवर बरेच जण आपापले अनुभव लिहितात आणि मी ते जेवताना वाचते. करमणूक म्हणून, खोटं कशाला बोलू. कुणाच्या मामाला घाटात बाई दिसते, कुणाच्या फ्लॅटमध्ये नळ आपोआप सुरू होतो... वाचायचं, हसायचं, ताट उचलायचं. त्यामुळे स्वतः लिहायला बसले तेव्हा हात जरा अडखळला. पण आईला सोडून ही गोष्ट मी कुणाला पूर्ण सांगितलेली नाही, आणि ती मनात ठेवून आता कंटाळा आलाय.

आमच्या घरात असलं काही चालतच नाही. आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हा देव्हाऱ्याबरोबर भुतंखेतंही घराबाहेर गेली, असं माझे वडील सांगायचे. वडलांना आम्ही अण्णा म्हणतो. अण्णा एसटीत कंडक्टर होते, कन्नड-पिशोर भागातल्या गाड्यांवर. एकदा कुणीतरी सीटवर टाचण्या टोचलेलं लिंबू ठेवलं होतं. गाडीत माणसं उभी, पण त्या सीटवर बसायला कुणी तयार होईना. अण्णांनी टाचण्या काढल्या, लिंबू बाटलीत पिळलं, गटागटा प्यायले आणि म्हणाले, "मीठ असतं तर लई झ्याक झालं असतं. बसा आता." हा किस्सा त्यांनी इतक्या वेळा सांगितलाय की आमच्या भावसिंगपुऱ्यातल्या गल्लीत तो सगळ्यांना पाठ आहे.

तर असे बोलके अण्णा. दोन वर्षांपूर्वी त्यांना झटका आला. उजवा हात अधू झाला, पाय हळूहळू सुधारला, पण बोलणं गेलं. समजायचं सगळं, पण तोंडातून एकच शब्द यायचा — "तेच." पाणी हवं असलं तरी तेच, राग आला तरी तेच, आईवर माया आली तरी तेच. वाचताही येईना, अक्षरं नुसती बघत बसायचे.

स्पीच थेरपीच्या ताई यायच्या. एक दिवस आईनं सहज वंदना म्हटली तर अण्णांनी तिच्याबरोबर त्रिसरण, पंचशील सगळं घडाघडा म्हटलं! आई रडायलाच लागली. ताईंनी समजावलं की पाठ झालेलं मेंदूत वेगळ्या जागी राहतं. वंदना, पाढे, गाणी येतात, पण स्वतःचं वाक्य जुळवता येत नाही. मला ते पटलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण मी पुढं कितीतरी दिवस हीच खुंटी धरून होते.

आता माझ्या कामाबद्दल. मी पुण्याच्या एका प्रोजेक्टसाठी घरून काम करते. जुनी ज्यू वर्तमानपत्रं कम्प्युटरच्या मदतीनं वाचायची आणि त्यांतून त्या लोकांची जगाकडं बघायची नजर शोधायची, असा तो प्रोजेक्ट. ऐकणारा पहिल्यांदा विचारतोच, की ज्यूंच्या पेपरशी तुझा काय संबंध? तर संबंध मराठीचा. कोकणातले बेने इस्राएल ज्यू — शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली म्हणून गावोगाव ओळखले जायचे ते — मराठीच बोलायचे, मुंबईत गेल्यावर मराठीतच पेपर काढायचे. माझ्याकडं आलेला पेपर स्वातंत्र्याच्या आसपासच्या वर्षांतला होता. लग्नं, बारशी, सणांच्या तारखा, तेलसाबणाच्या जाहिराती, आणि मधूनमधून एक मोठा वाद — नव्यानं होत असलेल्या इस्राएलला जायचं, की इथंच राहायचं?

काम असं चालायचं. पुण्याच्या वर्षा मॅडम स्कॅन पाठवायच्या. सॉफ्टवेअर त्यातली अक्षरं ओळखून मजकूर तयार करायचं, पण जुना टाईप, फुटलेली शाई, मग 'घर'चं 'धर' व्हायचं. असल्या चुका डोळ्यांनी सापडत नाहीत, म्हणून मी कम्प्युटरला मजकूर मोठ्यानं वाचायला लावायचे. बाईचा सपाट आवाज, जोडाक्षरांवर ठेचकाळणारा. तो ऐकत मी समोरच्या स्कॅनशी ताडून बघायचे. दुपारी आई पडायची, अण्णा बाहेरच्या खोलीत दिवाणावर बसलेले असायचे आणि मी तिथंच खाली लॅपटॉप घेऊन.

एका दुपारी ती बाई कुठल्याशा लेखातलं वाक्य वाचत होती आणि मागून आवाज आला, "परंतु."

मी वळून बघितलं. अण्णा भिंतीकडं बघत होते. तेवढ्यात कम्प्युटर म्हणाला, "परंतु..."

आधी अण्णा, मग कम्प्युटर. उलट नव्हतं.

मला आनंद झाला, भीती वगैरे काही वाटली नाही. अण्णा नवीन शब्द बोलले होते! मी मागं जाऊन तोच परिच्छेद पुन्हा लावला. या वेळी ते त्या आवाजाबरोबर पूर्ण वाक्य बोलले. "परंतु आम्हांस असे वाटते की शेजाऱ्याचे सुतक पाळणारा मनुष्य परका कसा म्हणावा?" स्वच्छ, सावकाश, एकही अडखळण नाही. आमचे अण्णा, ज्यांनी आयुष्यात 'आम्हांस' म्हटलं नाही. ते 'आमाला' म्हणायचे.

आई धावत आली. "अगं सुजे, बोलायलेत की! काय म्हनले? पुन्हा म्हना ना!"

अण्णा तिच्याकडं बघून हसले आणि म्हणाले, "तेच."

ताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, ऐकून लगेच उच्चारणं सोपं जातं काही पेशंटना, चांगली खूण आहे, रोज ऐकवा. पुढचं वाक्य आधी येतं, असं मी सांगितलं तर म्हणाल्या, आपण सगळेच पुढचा शब्द ओळखत असतो. तेही पटलं. म्हणून मी एक साधा प्रयोग केला. मॅडमकडून नुकतीच आलेली पानं, जी मी स्वतः अजून उघडूनही बघितली नव्हती, ती लावली. एका वाक्याच्या मध्येच आवाज बंद केला.

अण्णा थांबले नाहीत. वाक्य पूर्ण केलं आणि त्यापुढचं आणखी एक बोलले — रेवदंड्याच्या एका विहिरीबद्दल, जिच्यावर दोन्ही आळ्यांच्या बाया पाणी भरायच्या. मग मी स्कॅनमध्ये बघितलं. शब्दाला शब्द. रेवदंड्यासकट. अण्णा कधी कोकणात गेलेले नाहीत.

त्या क्षणी मात्र मी लॅपटॉप मिटला आणि उगाचच जाऊन कपडे घड्या करत बसले.

मी सगळ्या शक्यता तपासल्या, अगदी इमानदारीनं. लहानपणी कुठं वाचलं असेल? हे अंक निघाले तेव्हा अण्णांचा जन्मही नव्हता. आजोबा पिशोरला दुसऱ्यांच्या शेतात राबायचे. निजामाच्या राज्यातलं ते गाव. मुंबईच्या छोट्याशा ज्यू समाजाचा पेपर तिथं येणार कसा? रद्दीत आला, वाण्यानं पुडी बांधली, अण्णांनी ती वाचली — बरं, एखादी पुडी धरली. पण वर्षानुवर्षांचे अंक?

आणि गंमत म्हणजे सगळाच पेपर त्यांना येत नव्हता. लग्नाच्या बातम्या लागल्या की ते खिडकीबाहेर बघायचे. संपादकीय लागलं तर डुलकी घ्यायचे. बोलायचे ते काही ठराविक लेखांना, आणि त्या लेखांवर कुणाचंच नाव छापलेलं नव्हतं. बिननावाचं सदर होतं ते, कधी पहिल्या पानावर, कधी जाहिरातींच्या मध्ये कोंबलेलं. अण्णा बोलले की मी फाईलमध्ये तो लेख पिवळा करायचे. मलाच नीट कळत नव्हतं कशासाठी.

आईचा आनंद आठवडाभर टिकला. मग एकदा भांडी घासता घासता म्हणाली, "सुजा, हे त्यांचं बोलनं नाय."

"आवाज त्यांचाच आहे ना?"

"आवाज हाये. पन मानूस कुठंय त्यात? मी लगीन होऊन आले तवापासून ऐकते की त्यांना. असं पुस्तकावानी बोलतेत व्हय ते? मी समोर बसते, माझ्याशी एक शब्द नाय, आन् त्या मशिनीसंगं..." ती पातेलं जोरजोरात घासायला लागली.

त्याच दरम्यान पिशोरहून मावशी आली. तिनं दुपारचा प्रकार बघितला आणि कपाळावर हात मारला. "बाहेरचं हाये हे. खुलताबादला नेऊन आना एकदा. मी वळखते एका बाबाला."

मला वाटलं, आई आता हो म्हणते की काय. एवढी खचलेली होती ती. पण ती ताठ झाली. "ज्या मानसानं लिंबाचं सरबत केलं, त्याला मी उतारा करू? उद्या बोलायला लागले तर काय तोंड दाखवू त्यांना?" मावशी रुसून दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं गेली.

मी काम थांबवायचं ठरवलं होतं. निदान हेडफोन लावून करावं म्हणून दोन दिवस तसं केलं. तर अण्णा दिवाणावरून उठून आले, काठी टेकत, आणि डाव्या हातानं माझ्या कानांवरचे हेडफोन काढून टाकले. "तेच," म्हणाले, पण विनवणी होती त्यात. मग काय करणार?

त्या दिवसांत मी ते लेख स्वतःही नीट वाचायला लागले. आधी मी त्यात फक्त चुका शोधत होते. आमच्या प्रोजेक्टमध्ये एक नकाशा निघायचा, कुठला शब्द कुठल्या शब्दांच्या सोबतीनं जास्त येतो त्याचा. बाकीच्या लेखकांकडं 'घर' या शब्दाच्या आसपास प्रार्थना, वचन, पूर्वज, जेरुसलेम असे शब्द गोळा व्हायचे. मी नुसते पिवळे लेख वेगळे काढून तोच नकाशा काढला. तिथं 'घर'च्या शेजारी विहीर, शेजारी, सुतक, माड, कर्ज, हाक असे शब्द आले. एकाच समाजाची, एकाच पेपरातली माणसं, आणि घर म्हटलं की एकाला आकाश दिसतंय, दुसऱ्याला अंगण. बाकीच्यांना चूक म्हणायचं नाहीये मला. त्यांनाही काहीतरी दुखत असणारच, म्हणून तर लिहीत होते. पण मी स्वतः अशा घरातली आहे जिथं 'आपण कोण' हा प्रश्न एका पिढीनं उठून सोडवला आणि पुढच्या पिढीला रोज नव्यानं त्याचं उत्तर द्यावं लागतं. भाड्यानं खोली शोधताना, आडनाव सांगताना. त्यामुळे तो बिननावाचा माणूस मला आवडायला लागला. बाई होती की बुवा, तेही माहीत नाही.

मग मॅडमचा फोन आला. त्यांनी पुण्यात सगळ्या मजकुरावर एक वेगळंच सॉफ्टवेअर चालवलं होतं. लिहिणाऱ्याची ढब ओळखणारं. माणूस 'पण', 'तर', 'सुद्धा' असले बारके शब्द कसे वापरतो त्यावरून ते सांगतं की अमुक लेख एकाच हातचे दिसतात.

"सुजाता, एक मस्त गोष्ट सापडलीय," त्या म्हणाल्या. "बिननावाच्या लेखांतले बरेचसे एकाच व्यक्तीचे आहेत. फाईल पाठवते, बघ."

मी फाईल उघडली आणि माझी पिवळी फाईल तिच्या शेजारी लावली.

जुळत होते. खालपर्यंत जुळत होते. मॅडमना अण्णांबद्दल काही माहीत नव्हतं आणि माझी पिवळी फाईल त्यांनी बघितलेली नव्हती. फक्त एक लेख माझ्याकडं पिवळा होता आणि त्यांच्या यादीत नव्हता. खरं सांगते, मला हायसं वाटलं. चला, चुकलं कुठंतरी! मी मॅडमना म्हटलं, हा एक लेख पुन्हा बघाल का, मला तोही त्याच हातचा वाटतो. त्यांनी बघितला आणि संध्याकाळी कळवलं. "बरोबर आहे तुझं. निम्मा. सुरुवात बहुतेक संपादकानं लिहिलीय, नंतर हात बदलतो. म्हणून मशीन गोंधळलं. तुला कसं कळलं गं?"

मला आठवलं. त्या लेखाला अण्णा सुरुवातीला गप्प होते. मधूनच बोलायला लागले होते.

मी मॅडमना "अंदाज" असं काहीतरी सांगितलं.

शेवटी शेवटचा अंक आला. पेपर त्यानंतर निघालाच नाही की पुढचे अंक टिकले नाहीत, कुणाला माहीत नाही. कुठल्याच ग्रंथालयात नाहीत, हे मॅडमनी तपासून घेतलं. त्या अंकात ते सदर होतं. इस्राएलला जहाजानं जाणाऱ्यांना उद्देशून लिहिलेलं, आणि अर्धवट. शेवटची ओळ होती — "जाणाऱ्यांस आमचे एवढेच सांगणे आहे की", आणि खाली 'पुढील अंकी'.

हा लेख लावायचा की नाही, यावर आई आणि मी स्वयंपाकघरात हळू आवाजात भांडलो. मला भीती होती की हे संपलं की अण्णा कायमचे गप्प होतील. तसंही बोलणं त्यांचं नव्हतं, पण निदान आवाज तरी ऐकू येत होता... आई बराच वेळ कणीक मळत राहिली. मग म्हणाली, "लाव. त्या मानसाचं काय राहिलं आसंल ते होऊन जाऊ दे. मग माझा मानूस मला दे म्हनावं."

ती हात धुऊन आली आणि दिवाणावर अण्णांच्या शेजारी बसली. मी लेख लावला. अण्णा आवाजाबरोबर बोलत गेले, नेहमीसारखे. "...एवढेच सांगणे आहे की." कम्प्युटर थांबला. तिथं पुढं काही नव्हतंच.

अण्णा बोलत राहिले.

रेकॉर्ड करावं म्हणून मी फोन उचलला होता. आईनं माझं मनगट धरलं आणि मान हलवली. कधी वाटतं करायला हवं होतं. आणि कधी वाटतं, बरं झालं नाही केलं. त्यामुळे ते काय बोलले ते आता फक्त आम्हा दोघींच्या आठवणीत आहे, आणि आमच्या आठवणी सगळ्या जुळत नाहीत. आई म्हणते, एका म्हाताऱ्या शेजारणीचं नाव घेतलं. मला तसं आठवत नाही. पण एवढं दोघींनाही सारखंच आठवतं —

"तेथे गेल्यावर कोणी पुसेल, तुम्ही कोठले? तर लाजू नका. ज्या गावाने तुम्हांस नाव दिले त्या गावाचे नाव सांगा. देव सर्व ठिकाणी भेटेल. गाव एकाच ठिकाणी आहे."

मग ते थांबले. घाम आला होता त्यांना. आईनं पदरानं कपाळ पुसलं, पाणी पाजलं. ते आडवे झाले आणि गाढ झोपले, दिवेलागणीपर्यंत.

त्यानंतर ते कधीच त्या पेपरातलं बोलले नाहीत. मी जुने लेख पुन्हा लावून बघितले. ते ऐकतात, तुमच्या-माझ्यासारखे, पुढचं माहीत नसल्यासारखे.

गप्प मात्र झाले नाहीत. पहिल्यांदा "चहा" आलं. मग "नको". मग एका सकाळी आईला नावानं हाक मारली — "शांते." ती इतकी दचकली की हातातलं दूध सांडलं. सगळं दूध भुईवर, आणि ती तिथंच बसून हसत होती. ताई म्हणतात, असं होतं, मेंदू उशिरा का होईना वाटा शोधतो, रोज ऐकवल्याचा फायदा झाला. असेल. अजूनही वाक्य जुळवताना ते घामाघूम होतात, पण जे येतं ते 'लई' आणि 'व्हय'वालं येतं. त्यांचं स्वतःचं.

प्रोजेक्टच्या अहवालात मी त्या न छापलेल्या ओळी टाकल्या नाहीत. काय म्हणून टाकणार? मूळ प्रत नाही, आधार नाही. मॅडमना एकदा सगळं सांगायला पुण्याला गेले होते. चहा घेतला, कामाचं बोलले आणि तशीच परत आले. तुमच्यापैकी कुणी डॉक्टर असेल, कम्प्युटरवाला असेल, तर जरूर सांगा. मी वाद घालणार नाही. मला खरोखर माहीत करून घ्यायचंय.

मागच्या आठवड्यात दुपारी मी त्याच सदरातला एक लेख सहज लावला होता, तो रेवदंड्याच्या विहिरीचा. अण्णा पेरू खात होते. खायचे थांबले. शेवटपर्यंत ऐकलं. मग माझ्याकडं वळून, एकेक शब्द ओढून काढत म्हणाले,

"चांगलं... लिवलंय. कोन हाये... ह्यो?"

मी म्हटलं, "माहीत नाही, अण्णा. नाव छापलेलंच नाही."

"आसं व्हय," म्हणाले, आणि पेरूची दुसरी फोड उचलली.